वाटानेन, आरी

वाटानेन, आरी : (२७ एप्रिल १९५२ – ). फिनलंडचा रॅलीचालक, १९८१ चा जागतिक रॅली विजेता, डकार रॅलीचा चार वेळचा विजेता आणि पुढे युरोपीय संसदेचा सदस्य. जन्म पूर्व फिनलंडमधील तूपोवारा या खेड्यात. तो आठ वर्षांचा असताना मोटार अपघातात वडील गेले. त्या वेळी तोही गाडीत होता.

जागतिक मालिकेतील त्याची आकडेवारी पाहिली तर एक विजेतेपद आणि दहा जिंकलेल्या रॅल्या एवढाच हिशेब लागतो. युहा कान्कुनेन आणि टॉमी मॅकिनेन या त्याच्या देशबांधवांनी प्रत्येकी चार विजेतेपदे मिळवली. तरीही रॅलीच्या इतिहासात वाटानेनचे नाव त्यांच्या बरोबरीने घेतले जाते आणि ते योग्यच आहे.

फिनलंडच्या जंगलांतील मुरमाचे रस्ते चढउतारांचे असतात. उंचवट्यावरून सुटलेली गाडी हवेत उडते आणि पलीकडचे वळण दिसण्याआधीच चालकाला तिची दिशा ठरवावी लागते. सहचालक वाचून दाखवत असलेल्या टिपणांवर भरवसा ठेवूनच हे जमते. वाटानेन याच रस्त्यांवर घडला. १९७४ मध्ये फिनलंडच्याच थाउजंड लेक्स रॅलीतून तो जागतिक मालिकेत उतरला. पुढे ब्रिटनमध्ये फोर्ड एस्कॉर्ट चालवताना १९७६ साली तो ब्रिटिश विजेता झाला. वेगाबद्दल कुणालाच शंका नव्हती. शंका होती ती गाडी शेवटपर्यंत पोहोचेल की नाही याची, कारण त्या वर्षांत त्याने बऱ्याच गाड्या झाडांवर आणि खड्ड्यांत घातल्या. १९८० मध्ये ग्रीसची अ‍ॅक्रोपोलिस रॅली हा त्याचा जागतिक मालिकेतील पहिला विजय ठरला.

१९८१ चे विजेतेपद त्याने मिळवले ते कारखान्याच्या अधिकृत संघाविना. १९७९ नंतर फोर्डने आपला संघ मागे घेतला होता. डेव्हिड सटनच्या खाजगी संघाने सिगारेट कंपनी रॉथमन्सच्या पैशावर एस्कॉर्ट धावती ठेवली. सहचालक होता डेव्हिड रिचर्ड्स, पुढे प्रोड्राइव्ह कंपनी उभारणारा. त्याच वर्षी चारही चाकांना ताकद देणारी आउडी क्वाट्रो मैदानात उतरली होती. मागच्या दोन चाकांवर चालणारी एस्कॉर्ट तिच्यापुढे जुनाट दिसे. वाटानेनने अ‍ॅक्रोपोलिस, ब्राझील आणि थाउजंड लेक्स या रॅल्या जिंकल्या. तरीही अखेरच्या ब्रिटिश आरएसी रॅलीपूर्वी टॅल्बोचा फ्रेंच चालक गी फ्रेकलाँ गुणांत पुढे होता. तो त्या रॅलीतून बाद झाला, वाटानेन दुसरा आला आणि सात गुणांच्या फरकाने विजेता ठरला. फ्रेकलाँच्या शेजारच्या आसनावर बसून टिपणे वाचणारा सहचालक होता जाँ तॉद. हे नाव वाटानेनच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा येते.

१९८३ मध्ये ओपेलच्या गाडीतून त्याने केनियाची सफारी रॅली जिंकली. त्याच वर्षी मॅन बेटावरच्या रॅलीत गाडीतील कॅमेऱ्याने टिपलेले चित्रण आजही आवडीने पाहिले जाते. गावातल्या अरुंद रस्त्यावर ओपेल मांटा भिंतीच्या अगदी जवळून घसरत जाते आणि सहचालक टेरी हॅरीमनच्या तोंडून देवाचे नाव निघते.

तोवर तॉद प्यूजो संघाचा प्रमुख झाला होता आणि १९८४ मध्ये त्याने वाटानेनला बोलावले. गाडी होती ‘२०५ टर्बो १६’, ब गटातील म्हणजे जवळजवळ निर्बंधमुक्त शक्तीची. कोर्सिकातील पहिल्याच रॅलीत वाटानेन आघाडीवर असताना गाडी कोसळून जळाली. पण त्या वर्षी थाउजंड लेक्स, सॅनरेमो व आरएसी, आणि १९८५ च्या आरंभी माँटे कार्लो व स्वीडन अशा संघाने भाग घेतलेल्या सलग पाच रॅल्या त्याने जिंकल्या. त्यातली माँटे कार्लो सर्वांत नाट्यमय. एका नाक्यावर हॅरीमनने वेळेआधी नोंद केली म्हणून आठ मिनिटांचा दंड बसला. रॅलीत आठ मिनिटे म्हणजे हरल्यातच जमा. वाटानेनने ती भरून काढली आणि प्रतिस्पर्धी चालक वाल्टर रोर्लला पाच मिनिटांहून अधिक अंतराने मागे टाकले. हा विजय त्याच्या कारकिर्दीचा कळस मानायला हरकत नाही.

काही महिन्यांनी अर्जेंटिनात भरधाव गाडी उलटली आणि त्याचे आसन जागेवरून निखळले. दुखापती जिवावर बेतल्या होत्या. शरीर हळूहळू सावरले, मन मात्र खचले. रक्त चढवताना आपल्याला एड्स झाला, या भ्रमाने त्याला ग्रासले. हे दिवस त्याने पुढे आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहेत. प्यूजोचे १९८५ चे विजेतेपद संघसहकारी टिमो सालोनेनच्या वाट्याला गेले.

तो बरा होईपर्यंत खेळ बदलला होता. १९८६ मध्ये कोर्सिकात रॅलीचालक हेन्री टोइव्होनेनच्या मृत्यूनंतर ब गटावर बंदी आली. तॉदने गाड्या वाळवंटाकडे वळवल्या आणि वाटानेनने पुनरागमनातच १९८७ ची पॅरिस–डकार ही वाळवंटी रॅली जिंकली. १९८८ मध्ये तो आघाडीवर असताना बामाको येथे त्याची प्यूजो ४०५ चोरीला गेली आणि चोरांनी खंडणी मागितली. गाडी सापडली, पण उशिरा. तो बाद झाला आणि विजय कान्कुनेनला मिळाला. १९८९ मध्ये वाटानेन आणि जॅकी इक्स हे संघसहकारी एकमेकांच्या ईर्षेने दोन्ही गाड्या मोडतील, या भीतीने तॉदने नाणे उडवून विजेता ठरवला! कौल वाटानेनच्या बाजूने पडला. हजारो किलोमीटरच्या शर्यतीचा असा निकाल इक्सवर अन्यायच म्हणावा लागेल. १९९० मध्ये प्यूजोतून आणि १९९१ मध्ये सिट्रोएनमधून त्याने पुन्हा डकार जिंकली.

१९८८ मध्येच अमेरिकेतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच शिखरावरची चढणीची शर्यत त्याने १० मिनिटे ४७.२२ सेकंदांत जिंकली. रोर्लचा विक्रम त्याने सेकंदाहूनही कमी फरकाने मोडला. या चढाईवरील ‘क्लाइंब डान्स’ हा लघुपट विशेष गाजला. कड्याच्या काठावर धूळ उडवत जाणाऱ्या गाडीत एका हाताने डोळ्यांवरचे ऊन अडवून दुसऱ्या हाताने वळण घेणारा वाटानेन त्यात दिसतो.

जागतिक मालिकेत त्याला पुन्हा विजय मिळाला नाही. मित्सुबिशी, सुबारू, फोर्ड अशा संघांतून तो येतजात राहिला. १९९३ मध्ये सुबारू इम्प्रेझाच्या पदार्पणात तो दुसरा, तर १९९८ च्या सफारीत बदली चालक म्हणून तिसरा आला. २००३ ची फिनलंड रॅली ही या मालिकेतील त्याची अखेरची.

१९९९ मध्ये तो फिनलंडमधून, तर २००४ मध्ये फ्रान्समधून युरोपीय संसदेवर निवडून गेला. दोन वेगवेगळ्या देशांतून निवडून येणे हे त्या संसदेतही विरळाच. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या अध्यक्षपदासाठी तो उभा राहिला तेव्हा समोर तॉदच होता. तॉदला १३५ मते मिळाली, वाटानेनला ४९.