ध्वनिमिश्रण (सूक्ष्मप्रवाही जैवसंवेदकांतील)

केसाइतक्या अरुंद मार्गातून वाहणारा द्रव ध्वनिलहरींनी ढवळून जैवसंवेदकाची संवेदनक्षमता वाढवण्याचे तंत्र. १०० मायक्रोमीटर रुंद मार्गात पाणी सेकंदाला १ मिलिमीटर वेगाने वाहिले, तर रेनल्ड्झ अंक जेमतेम ०.१ भरतो. तिथे भोवरे उठत नाहीत. दोन द्रव शेजारी शेजारी वाहत राहतात आणि मिसळण्याचे सारे काम विसरणावर पडते. प्रतिपिंडाएवढ्या रेणूला ही रुंदी ओलांडायला सुमारे दोन मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात नमुना १२ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. संवेदकालगतचा थर रिता होतो आणि रक्तात रोगाची खूण असूनही संकेत क्षीण येतो.

यावर उपाय म्हणून चिपला दाबविद्युत चकती चिकटवतात, किंवा लिथियम नायोबेटवर कंगव्यासारखे विद्युतअग्र बसवून पृष्ठलहरी उठवतात. कंपनातून द्रवात सतत फिरणारे प्रवाह निर्माण होतात. त्यांचे गणित लॉर्ड रॅले यांनी १८८४ मध्ये मांडले. मार्गाच्या भिंतीत कोंडलेला बुडबुडाही हे काम करतो: ३० मायक्रोमीटर त्रिज्येचा बुडबुडा सुमारे १०० किलोहर्ट्झला अनुनाद देतो. पण तो हळूहळू विरघळतो आणि त्याची वारंवारता सरकते. काही किलोहर्ट्झला थरथरणाऱ्या टोकदार कडा त्या मानाने भरवशाच्या. शक्ती फार वाढवली तर नमुना तापून प्रथिने बिघडतात. रेणू पृष्ठभागाला चिकटण्याची क्रियाच मंद असेल, तर ढवळून फारसे काही साधत नाही.

म्हणूनच वऱ्हाडातील प्रत्येक चाचणीला हे तंत्र सारखे उपयोगी नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशी विषबाधा ओळखण्यासाठी अकोला-अमरावतीच्या ग्रामीण रुग्णालयांत रक्तातील कोलिनएस्टरेज हे विकर तिथल्या तिथे मोजणारी चिप हवीच. मात्र त्या चाचणीतील अभिकर्मकांचे रेणू लहान, आपसूक लवकर पसरणारे. ध्वनीची मदत तिथे बेताची. मेळघाटातील सिकलसेलच्या तपासणीत तर हिमोग्लोबिन रक्तात मुबलकच असते. खरा लाभ पावसाळ्यातल्या डेंग्यूच्या चाचणीत दिसावा: एनएस१ हे विषाणूचे प्रथिन आकाराने मोठे व संथ पसरणारे असून, प्रतिपिंडे तयार होण्याआधी, तापाच्या पहिल्या दिवसांतच रक्तात सापडते.