दाराचें माप

घराच्या भिंतींत दारासाठीं किती रुंद व किती उंच जागा सोडावी, हा प्रश्न वरकरणी केवळ गवंड्याचा आणि सुताराचा वाटतो. परंतु घर बांधणाराच्या मनांत येणारा-जाणारा मनुष्य कोण होता, हें या मापावरूनच कळून येतें.

सहाव्या शतकांतील ज्योतिषी वराहमिहिर यानें ‘बृहत्संहिता’ या ग्रंथांत दाराचें गणित दिलें आहे. मापाचें साधन मनुष्याचा हातच. २४ अंगुळांचा एक हात. राजगृहाला एक नियम, इतर वर्णांच्या घरांना दुसरा. या दुसऱ्या नियमांत घराची रुंदी जितके हात, त्या संख्येचा पांचवा भाग अंगुळें म्हणून धरावा, त्यांत १८ मिळवावे आणि बेरजेंत तिचाच आठवा भाग घालावा, म्हणजे दाराची रुंदी येते. उंची तिच्या तिप्पट. घर ३० हात रुंद असल्यास दार २७ अंगुळें रुंद व ८१ अंगुळें उंच होतें. हात दीड फुटाचा मानला, तर रुंदी सुमारें २० इंच आणि उंची ५ फूट भरते. उलट, १०८ हात रुंदीच्या राजगृहाचें दार त्याच्या नियमानें पावणेबारा फुटांच्या आसपास उंच व त्याच्या निम्में रुंद होतें. सामान्य गृहस्थानें वांकून आंत जावें आणि राजानें ताठ मानेनें जावें, असा हा हिशेब!

चौकटीचेंही माप ठरलेलें होतें. दार जितके हात उंच, तितकीं अंगुळें बाजूच्या खांबांची जाडी. खालच्या व वरच्या लाकडांची त्याच्या दीडपट. या लाकडांना ग्रंथकार ‘उदुंबर’ म्हणतो. मराठी ‘उंबरा’ याच शब्दाचा वंशज होय.

पुण्याच्या शनिवारवाड्याची वास्तुशांति १७३२ सालीं झाली. त्याचा दिल्ली दरवाजा हत्तीच्या मापाचा आहे. परंतु त्याच्याच कवाडांत मनुष्यापुरती दिंडी ठेविलेली आहे. मोठीं कवाडें लावून घेतलीं, कीं आंत येणाऱ्यास एकेकट्यानें, मान लववूनच यावें लागे. येथें लहान माप हेंच रक्षणाचें साधन झालें.

पुढें इंग्रजी अमलांत फूट-इंच रूढ झाले आणि १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं. आतां दारांचीं प्रमाणित मापें १० सेंटिमीटरच्या पटींत असतात. तथापि भिंत क्वचितच निर्दोष असते. म्हणून जाणता सुतार रुंदी वर, मध्यें व खालीं अशी तीन ठिकाणीं मोजतो आणि सर्वांत लहान माप धरतो. दोन्ही कर्ण सारखे आले, तरच जागा काटकोनांत आहे असें तो मानतो.

अलीकडे मापाचा मानकरी बदलला आहे. भारत सरकारच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, चाकांच्या खुर्चीवरील मनुष्यास जातां यावें म्हणून दाराची मोकळी रुंदी निदान ९०० मिलिमीटर असावी असें सांगितलें आहे. ही रुंदी चौकटीची नव्हे. कवाड उघडल्यावर जी जागा खरोखर मोकळी राहते तिची. वराहमिहिराच्या २० इंची दारांतून अशी खुर्ची जाणारच नाहीं. नवें घर बांधणारानें दाराचें माप ठरवितांना आपल्या घरांतील वृद्ध माणसें आठवावीं. चौकट एकदां भिंतींत बसली, कीं ती रुंद करणें सोपें नसतें.