भार कोठे ठेवला?

भार किती, हे तराजू सांगतो. भार कोठे, हे सांगणे त्याच्या हाती नाही. आणि इमारतीचे भवितव्य या दुसऱ्या प्रश्नावरही तितकेच अवलंबून असते.

गॅलिलिओने १६३८ साली लायडन येथे छापून निघालेल्या ग्रंथात या प्रश्नाचे गणित मांडले. दोन्ही टोकांना टेकलेली ४ मीटरांची तुळई घ्या. मीटर आमचे, गणित त्याचे. ओझे मध्यावर असेल, तर दोन टोकांपासूनच्या अंतरांचा गुणाकार २ गुणिले २, म्हणजे ४ येतो. तेच ओझे टोकापासून १ मीटरवर सरकवले, तर १ गुणिले ३, म्हणजे ३. तुळईला वाकविणारा जोर याच प्रमाणात बदलतो. ओझे तेच, जागा बदलताच जोर पाऊणपट झाला.

आज हे गणित संगणक करतो. इमारतीची प्रतिकृती आकड्यांत उभी करताना अवजड यंत्र सबंध न रेखाटता त्याचे सारे वस्तुमान एका बिंदूत एकवटले आहे, असे धरतात. तो बिंदू यंत्राच्या गुरुत्वमध्याशी, त्याच्या खऱ्या उंचीवर हवा. तो जमिनीलाच चिकटविला, तर वजन बरोबर भरते; पण हादऱ्याने यंत्र डोलू लागले की त्याच्या पायांशी पडणारी ओढ हिशेबातून निसटते.

हिशेबातला बिंदू आपण होऊन हलत नाही. कारखान्यातले यंत्र मात्र मालकाच्या सोयीने हलते. ढाक्याजवळ सावार येथील राणा प्लाझा ही इमारत दुकाने व कचेऱ्यांसाठी होती. तीत कपड्यांचे कारखाने शिरले, परवानगीवाचून मजले चढले, वरच्या मजल्यांवर जनरेटर बसले. २३ एप्रिल २०१३ रोजी खांबांना तडे दिसले. खालच्या बँकेने आपली माणसे घरी पाठविली. शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलाविले. सकाळी वीज गेली, जनरेटर सुरू झाले आणि थोड्याच वेळात इमारत कोसळली. अकराशेंहून अधिक माणसे मेली. बांधकाम निकृष्ट होते, जमीन भरावाची होती. पण भार कोठे आहे, याचा जाब कोणी विचारला नव्हता, हेही खरेच.

पुढच्याच महिन्यात कामगार संघटना आणि परदेशी कंपन्या यांच्यात बंधनकारक करार झाला. त्यातून इंजिनिअरांची तपासणी आली, मजल्यावर कोठे किती भार चालेल याचे नकाशे आले, आणि धोक्याचे काम नाकारण्याचा कामगाराचा हक्क मान्य झाला. आमच्या मते या तिन्ही गोष्टी एकत्रच हव्यात. हिशेबातला बिंदू आणि यंत्राचे पाय एकाच जागी आहेत की नाहीत, हे रोज पाहतो तो त्या मजल्यावरचा कामगार. तो नकाशा त्याच्या भाषेत, त्याच्या डोळ्यांसमोर भिंतीवर लागला पाहिजे. आणि यंत्र सरकले, तर काम थांबविण्याचा अधिकार त्याला असला पाहिजे.