उसने बळ

दसऱ्याला वाहनाची पूजा कोण करीत नाही? पण वसुबारसेला, गाय-वासराची पूजा आटोपल्यावर त्याच तबकातले हळदकुंकू मोटारीला लावणारे घर आमच्या साखऱ्यात एकच असेल, आणि ते आमचे. गेल्या दिवाळीत आईने गाईला ओवाळले, घास भरवला आणि अंगणाच्या कोपऱ्यातल्या जुन्या जीपकडे वळून ती म्हणाली, "हिलाही दोन बोटं लावते. आटली होती बिचारी, पुन्हा पान्हावली."

ह्या पान्हावण्याची हकिकत सांगायची तर ती एका गावातल्या एका जीपपुरती राहत नाही. तिच्या पोटात बैलगाडी येते, म्युनिकचा एक गाडी बांधणारा येतो आणि अमेरिकेतला एक चिवट इंजिनिअरही येतो. तेव्हा वाचकांनी चकलीबरोबर थोडे वंगण चालवून घ्यावे, ही विनंती.

साखरा हे सेनगाव तालुक्यातले गाव. जिल्हा हिंगोली. १ मे १९९९ पूर्वी आमचा जिल्हा परभणी होता, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जन्म त्या राज्यातला. १९७६ साली त्यांनी एका सरकारी लिलावातून ही जीप घेतली. सुकाणू डाव्या हाताला आणि पाठीवर 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' अशी रंगवलेली अक्षरे. सेनगाव, नरसी, हिंगोली हा तिचा नेहमीचा रस्ता. हळदीची पोती, लग्नाची वऱ्हाडे, अडलेल्या बाळंतिणी, सारे तिने वाहिले. माझी धाकटी बहीण सुखरूप जन्मली ती ह्या जीपने आईला वेळेवर हिंगोलीला पोचवले म्हणून, असे आजी शेवटपर्यंत सांगे.

चार वर्षांपूर्वी आबा गोठ्यात घसरून पडले. उजवा खांदा सांधला गेला, पण त्यातला जोर गेला. पुढे एकदा बाजारातून परतताना बोळाच्या तोंडाशी जीप वळवायची होती. आबांनी चाक ओढले, ते अर्ध्यावर अडले. पुन्हा ओढले. मागे ट्रॅक्टरवाला भोंगा वाजवू लागला. आबा खाली उतरले, किल्ली माझ्या हाती दिली आणि एक शब्दही न बोलता पायी घरी गेले. त्या दिवसापासून जीप जागची हलली नाही. भंगारवाला महिन्याकाठी येऊन भाव सांगून जाऊ लागला. आबा त्याला "नाही" म्हणत नसत, "हो"ही म्हणत नसत. पण त्यांचे ओट्यावरून उठणेच कमी झाले, हे आईच्या आणि माझ्या ध्यानात आले होते.

मोटारीचे चाक एवढे जड का असावे? आमच्या बैलगाडीला तर सुकाणूच नसते. दोन चाके, एक आस आणि पुढे जू. वळायचे झाले की गाडीवान आतल्या बैलाचा कासरा आवळतो, बाहेरचा बैल दोन पावले जास्त टाकतो आणि गाडी वळते. चार चाकांच्या गाडीला ही सोय नाही. वळणाच्या आतले चाक लहान वर्तुळ कापते, बाहेरचे मोठे. दोन्ही सारखीच वळवली तर एक चाक फरफटत जाते. म्युनिकच्या लांकेनस्पर्गर नावाच्या गाडी बांधणाऱ्याने ह्यावर तोड काढली. पुढची दोन्ही चाके वेगवेगळ्या खुंट्यांवर बसवायची आणि ज्याला त्याला आपापले वर्तुळ कापता येईल अशी दांड्यांची जोडणी करायची. लंडनमधले त्याचे मुखत्यार रुडॉल्फ आकरमान ह्यांनी १८१८ साली ह्या युक्तीचे पेटंट घेतले आणि जगाने ती आकरमानच्याच नावाने ओळखली. मेहनत एकाची आणि नाव दुसऱ्याचे, ही रीत तिकडेही आहे म्हणायची.

मोटारींचे वजन वाढत गेले तसे हे दांडे हलवायला बळ लागू लागले. त्यावर पहिला उपाय निघाला तो सुकाणूच्या पेटीचा. चालकाने हातातले चाक पुष्कळ फिरवायचे, तेव्हा रस्त्यावरचे चाक थोडेसे वळायचे. बळ कमी, फेरे जास्त. विहिरीवरच्या रहाटाचा न्याय तोच. तरीही अवजड गाडीला एवढ्याने पुरत नसे. आपली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर सुरू झाली. तिचे जुने चालक घाटातल्या वळणावर त्या मोठ्या चाकावर सारे अंग टाकत, हे माझ्या पिढीने मागच्या बाकावरून पाहिलेले आहे.

जीप मात्र मुळात हलकी. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड ह्या दोन कारखान्यांनी मिळून साडेसहा लाखांच्या आसपास जीपा बनवल्या. एकेकीचे वजन अकराशे किलोच्या घरात, टायर सहा इंच रुंदीचे. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत सुटे भाग आणून जीपा जोडायला घेतल्या आणि पुढे त्या इथेच घडू लागल्या. आमची जीप त्याच वंशातली. मग ती जड कशी झाली? तिला जड केले ते आम्हीच. पेट्रोल परवडेना तेव्हा आबांनी मूळचे इंजिन काढून डिझेलचे बसवले. ते अंगाने भारी, आणि त्याचा बराचसा भार पुढच्या चाकांवर. मग काळ्या मातीत रुतते म्हणून टायर रुंद घातले. प्रत्येक बदल त्या त्या वेळी शहाणपणाचाच होता. तरुण खांद्याने तो सारा बोजा निमूटपणे झेलला, म्हणून हिशेब कोणी मांडला नाही.

आता त्या अमेरिकन इंजिनिअरची गोष्ट. फ्रान्सिस डेव्हिस हा पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात होता. जड ट्रक वळवताना चालकांची होणारी दमछाक तो पाहत आला होता. नोकरी सोडून त्याने बोस्टनजवळच्या वॉल्थम गावी लहानसे दुकान थाटले आणि १९२६ साली तेलाच्या दाबाने चालकाला मदत करणारी यंत्रणा एका मोटारीवर बसवून दाखवली. पूर्वीच्या प्रयोगांत दाबाखाली साठवून ठेवलेले तेल गळत असे. डेव्हिसने ठरवले की तेल साठवायचेच नाही, सतत वाहते ठेवायचे. चालकाने चाक फिरवले की झडपेने त्याची वाट अडवावी आणि तेवढ्यापुरताच दाब निर्माण व्हावा. जनरल मोटर्सने ही कल्पना हाती घेतली, पण १९३४ मध्ये, मंदीच्या दिवसांत, खर्चाच्या धास्तीने सोडून दिली. युद्धात ती लष्कराच्या अवजड गाड्यांवर गेली. बाजारात कोणालाही विकत घेता येईल अशा मोटारीवर ती आली १९५१ साली, क्रायस्लर इंपीरियलवर, आणि तीही डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांच्या आधाराने. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सलाही तिची आठवण झाली. उपयोग डोळ्यांपुढे असून जगाने त्या माणसाला पंचवीस वर्षे दाराशी उभे ठेवले.

आपल्याकडे ही सोय ट्रक आणि बसगाड्यांना मिळू लागली तिच्यात महाराष्ट्राचाही हात आहे. १९८१ साली स्थापन झालेल्या झेडएफ स्टिअरिंग गिअर (इंडिया) ह्या कंपनीचा कारखाना पुणे जिल्ह्यातल्या वढू बुद्रुकला आहे. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे जे गाव आपल्याला ठाऊक, तिथेच चालकांचे खांदे वाचवणाऱ्या पेट्या तयार होतात.

हे सगळे वाचून माझ्या मनाने घेतले की दुसऱ्या गाडीची पॉवर पेटी आपल्या जीपला बसवायची. हिंगोलीचे एक जुने मिस्त्री तयार झाले. बदलासाठी परिवहन कार्यालयाची पायरी आधी चढलो. मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याचे कलम ५२ असल्या फेरफारांवर बंधन घालते. मग मोडीत निघालेल्या एका लहान मालवाहू गाडीची पेटी मिळाली. मिस्त्रींनी ती चौकटीवर बसवली, इंजिनवर पंप चढवला, पट्टा आणि नळ्या जोडल्या. जीप ठोकळ्यांवर उचललेली होती. मी चाक उजवीकडे फिरवले. पुढची चाके डौलात डावीकडे वळली.

सगळे गप्प. मग ओट्यावरून आबांचा आवाज आला, "अरे, बैल उलटा जुंपलास!" कित्येक महिन्यांनी ते हसले होते.

चूक आमचीच. त्या मालवाहू गाडीत पेटी पुढच्या आसाच्या पुढे असते आणि तिचा दांडा मागे ढकलतो. आमच्या जीपमध्ये पेटी आसाच्या मागे, दांडा पुढे जातो. पेटीला उजवे-डावे कळत नाही. तिला फक्त आपला हात कुठल्या दिशेने झुलतो ते ठाऊक. उसनी वस्तू आणताना ती आपल्या घरात कोणत्या तोंडाने बसेल, हे आधी पाहायला हवे होते. दुसरी पेटी आणली ती जीपच्याच वंशातल्या, पण पुष्कळ नंतरच्या गाडीची.

तिनेही आम्हांला तीन गोष्टी शिकवल्या. पॉवरच्या पेटीचा रेटा जुन्या पेटीपेक्षा फार मोठा, आणि जीपच्या चौकटीला नेमकी तिथेच तडे जातात; म्हणून आतून जाड पत्रा देऊन तो भाग पेटीसारखा बंद केला. चाके सरळ असताना पेटी आपल्या फिरण्याच्या बरोबर मध्यावर असली पाहिजे, नाहीतर एका बाजूला वळण पुरते आणि दुसरीकडे आखूड पडते. आणि पेटीचा दांडा लांबीला कमी पडला तेव्हा मी म्हटले, "वेल्डिंग करून वाढवू." मिस्त्री हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, "मालक, हा सांधा तुटला तर चाक हातात राहतं अन् गाडी रानात जाते. ह्याला आग लावायची नाही." बसेल असा अखंड दांडा मिळेपर्यंत सहा आठवडे आम्ही थांबलो.

पण माझी खरी भीती वेगळी होती. आबांनी ही जीप चाळीस वर्षे हातांनी ओळखली. कुठे चिखल मऊ आहे, कुठे खाली दगड आहे, हे त्यांना चाकातून कळे. तेलाने सगळेच काम केले तर हे कळणेही जाईल आणि जीप त्यांना परकी वाटेल. ह्याचे उत्तर पेटीच्या पोटात आहे. चालकाचे चाक आणि खालचा दांडा ह्यांच्यामध्ये पोलादाची एक बारीक सळई असते. चाक फिरवले की ती किंचित पिळली जाते, त्या पिळाने झडप उघडते आणि मग तेल धावून येते. रस्त्याने जितका विरोध करावा तितकी सळई पिळली जाते, तितकी मदत मिळते आणि तितकाच ताण हातालाही जाणवतो. इंजिन बंद पडले तर मदत थांबते, पण चाक आणि रस्ता ह्यांचा सांधा तुटत नाही. फक्त पुन्हा सगळा जोर आपला लागतो. पहिले बळ माणसाचेच. तेल त्याच्या मागून चालते.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी आबा जीपमध्ये बसले. मी शेजारी. त्याच बोळाच्या तोंडाशी आम्ही आलो. त्यांनी क्षणभर थांबून डाव्या हाताने चाक फिरवले, उजवा नुसता वर टेकलेला. जीप वळली. पुढे नाल्याच्या उतारावर त्यांनी वेग कमी केला आणि म्हणाले, "डावीकडं भुसभुशीत आहे." मी खाली वाकून पाहिले. तसेच होते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. आबांनी त्याला ओट्यावर बसवून बशीभर चिवडा दिला, दोन करंज्या दिल्या आणि त्याचे खाणे होईपर्यंत गप्पा मारल्या. मग विचारले, "हिंगोलीला निघालास का? चल, नरसीपर्यंत सोडतो तुला."