पाण्याने आखलेली गावं

लेहला पोस्टिंगवर येताना विमानाच्या खिडकीतून खाली पाहिलं आणि पहिला विचार आला, एवढी जमीन पडीक का? मी साक्री तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, पडीक रान डोळ्यांत खुपतं.

उत्तर इथे राहिल्यावर कळलं. ३,५०० मीटर उंचीवर पाऊस-बर्फ मिळून वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर. सिंधू खाली दरीत वाहते, पण जुनी गावं बाजूच्या नाल्यांवर, वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्यावर वसली. पाटाला इथे 'युरा' म्हणतात, साठवण तळ्याला 'झिंग'. पाटाच्या वर करडा मुरूम, खाली हिरवंगार जव. पाणी संपलं की गाव संपलं. कोणाची पाळी कधी, हे 'छुरपोन' ठरवतो. आमच्या पांझरेकाठच्या फडावर पाटकरी असतो, तसाच हा.

पाणी वाढत नाही, मग घरंही वाढवायची नाहीत, असा जुना हिशेब होता. जमीन थोरल्याच्या नावे अखंड राही. धाकटे भाऊ त्याच्याच संसारात, बऱ्याचदा एकाच बायकोचे नवरे. नाहीतर एखादा गोम्पात लामा. मुलगा कर्ता झाला की आईवडील मोठं घर सोडून शेजारच्या छोट्या घरात जात. १९४१ मध्ये जम्मू-काश्मीर संस्थानाने बहुपतित्वावर कायद्याने बंदी घातली. हळूहळू वाटण्या सुरू झाल्या.

मग आम्ही आलो. २४ मे १९४८ रोजी मेजर जनरल थिमय्या आणि एअर कमोडोर मेहर सिंग यांचं डकोटा लेहच्या कच्च्या धावपट्टीवर उतरलं. ती धावपट्टी लडाखी इंजिनियर सोनम नोर्बू यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून बनवली होती. १९६२ नंतर फौज वाढली. ट्रकने धान्य येऊ लागलं, तरुणांना पगार मिळू लागले, जवाच्या काही वावरांत आमच्या लंगरसाठी बटाटा-कोबी आला. जुन्या हिशेबात आमच्या पाण्याचा रकाना मात्र नव्हता. आज बराकीसमोर टँकर रिकामा होताना मला तेच आठवतं.

गावातल्या एका मेमेंनी, म्हणजे आजोबांनी, मला विचारलं, "भाऊ किती?"

"चार."

"जमिनीचे?"

"चार तुकडे."

ते हसले. "आमच्याकडे धाकटा लामा व्हायचा. तुमच्याकडे फौजी."

मी धाकटाच आहे, हे त्यांना सांगितलं नव्हतं.