ब्रनोच्या मठातील वाटाणे

मोराविया प्रांतातील ब्रनो हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोकरी कापडाच्या गिरण्यांचे शहर होते, आणि तलम लोकरीची मागणी सतत असल्यामुळे कोणत्या मेंढ्यापासून कशी पैदास मिळेल, हा तेथील मेंढीपालकांच्या रोजच्या व्यवहाराचा प्रश्न होता. १८३७ मध्ये संत थॉमस मठाचे प्रमुख सिरिल नाप यांनी याच मंडळींपुढे मुळातला प्रश्न ठेवला: आईबापांकडून पिलांत काय उतरते आणि कसे उतरते? ग्रेगोर मेंडेल १८४३ मध्ये याच मठात दाखल झाले. त्यांच्या प्रयोगांमागील ही पार्श्वभूमी विसरता कामा नये.

१८५६ पासून मेंडेल यांनी मठाच्या बागेत वाटाण्याचे संकर केले. वाटाण्यात कळी उमलण्यापूर्वीच स्वपरागण होते, म्हणजे फुलातील पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर पडतात. म्हणून कोवळी कळी उघडून चिमट्याने सारे पुंकेसर खुडायचे आणि मग दुसऱ्या वाणाचे पराग कुक्षीवर लावायचे, असे ते जिकिरीचे काम होते. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या शुद्ध वाणांचा संकर केला असता सर्व दाणे गोलच आले. असा उघड दिसणारा गुण तो प्रभावी आणि झाकला जाणारा तो अप्रभावी, असे त्यांनी ठरवले. या दाण्यांपासून वाढलेल्या २५३ झाडांवर स्वपरागणाने ७,३२४ दाणे धरले, त्यांत ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेले, म्हणजे सुमारे तीनास एक, असे निघाले. लोपलेला गुण पुन्हा प्रकटताना इंग्लंडमध्ये जॉन गॉस यांनीही १८२० च्या दशकात पाहिला होता, परंतु त्यांनी दाणे मोजले नाहीत, आणि सारा फरक तेथेच पडला.

मेंडेल मोजून थांबले नाहीत. गोल दाणे पुन्हा पेरून वाढवलेल्या ५६५ झाडांपैकी १९३ झाडांनी केवळ गोल दाणे दिले, तर ३७२ झाडांवर दोन्ही प्रकारचे दाणे आले. अर्थात बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दाण्यांची घडण आतून वेगळी होती. प्रत्येक गुणासाठी आईबापांकडून एकेक घटक येतो, ते घटक एकमेकांत मिसळून जात नाहीत आणि पराग व बीजांड तयार होताना पुन्हा सुटे होतात, असा याचा अर्थ होता. १८६५ मध्ये वाचलेला व १८६६ मध्ये छापलेला हा निबंध १९०० पर्यंत जवळजवळ दुर्लक्षितच राहिला.

सुरकुतीचे कारण १९९० मध्ये इंग्लंडमधील नॉरिच येथे उलगडले. पिष्टमयाच्या रेणूंना फांद्या फोडणाऱ्या एका विकराच्या जनुकात डीएनएचा परका तुकडा घुसल्याने तो विकर बनत नाही, दाण्यात साखर व तिच्यामुळे पाणी अधिक साठते आणि वाळताना साल आक्रसते. जनुकाची एक चांगली प्रत असली तरी दाणा गोल होण्यापुरता विकर तयार होतो, म्हणूनच गोलपणा प्रभावी ठरतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र संकरित दाण्यातील पिष्टकण दोन्ही वाणांच्या मधले दिसतात.