छताला दगडी लादी लावणे सुरक्षित आहे का? केमिकल किती पुरते आणि बोल्ट का लागतात?

बाथरूमच्या भिंतीवरून थेट छतापर्यंत नेलेला काळा ग्रॅनाइट, देवघराच्या वर पांढरा संगमरवर, बंगल्याच्या पोर्चखाली स्लेटच्या लाद्या. असे फोटो आणि रील्स पाहिले की घराचे काम काढलेली माणसे मिस्त्रीला विचारतात, “आपल्याकडे असे करता येईल का?” बऱ्याचदा उत्तर येते, “चांगले केमिकल वापरू, काही होत नाही.”

दगड छताला लावता येतो, पण नुसत्या केमिकलच्या भरवशावर नाही. डोक्यावरच्या प्रत्येक लादीचे पूर्ण वजन धातूच्या आधाराने पेलले पाहिजे. असे का, हे समजायला आधी वजनाचा हिशेब पाहू.

एका लादीचे वजन किती?

ग्रॅनाइट आणि संगमरवर यांचे वजन घनमीटरला साधारण २,७०० किलो असते. त्यामुळे १८ मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला सुमारे साडेचार किलो भरतो. दोन बाय दोन फुटांची एक लादी १८ किलोची होते. दहा बाय दहाच्या खोलीचे छत झाकायला अशा २५ लाद्या लागतात, म्हणजे एकूण साडेचारशे किलो. चिकटवण्याचा थर आणि धातूचा सांगाडा यांचे वजन वेगळेच. याउलट फॉल्स सीलिंगचा साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड चौरस फुटाला एक किलोसुद्धा भरत नाही.

साडेनऊ फुटांवरून सुटलेली लादी पाऊण सेकंदात जमिनीवर येते आणि ताशी सुमारे २७ किलोमीटर वेगाने आदळते. खाली उभ्या असलेल्या माणसाला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही.

भिंत आणि छत यांत फरक काय?

भिंतीवरच्या लादीचे वजन तिला खाली सरकवू पाहते. तिला खालच्या लादीचा टेकू मिळतो. चिकटलेला थर सुटला तरी लादी बहुतेक वेळा काही काळ जागेवर राहते, ठोकल्यावर पोकळ वाजते आणि दुरुस्तीला वेळ देते.

छतावर तसा कसलाच टेकू नसतो. लादीचे सगळे वजन तिला स्लॅबपासून सरळ खाली ओढत असते. त्यातच एखादा कोपरा सुटला की सगळा ताण त्या कडेवर एकवटतो आणि स्टिकर सोलावा तशी लादी सोलत जाते. आधी सूचना मिळेलच, याची खात्री नसते.

कागदावर केमिकल भक्कम, मग लादी पडते कशी?

आंतरराष्ट्रीय मानकांनुसार ‘सी २’ दर्जाच्या टाइल अॅढेसिव्हने दर चौरस मिलिमीटरला किमान १ न्यूटन ओढ सहन करायची असते. सोप्या भाषेत, एका चौरस सेंटिमीटरला सुमारे दहा किलो. दोन बाय दोनच्या लादीचे क्षेत्रफळ ३,७०० चौरस सेंटिमीटर धरले तर हा आकडा ३७ टनांवर जातो. लादी तर १८ किलोचीच आहे.

हिशेब बरोबर आहे, पण ती चाचणी प्रयोगशाळेतल्या स्वच्छ काँक्रीटवर छोटा तुकडा चिकटवून घेतलेली असते. घरात केमिकल स्वतः क्वचितच तुटते. सुटतो तो त्याच्या वरचा किंवा खालचा थर.

रंग आणि पुट्टी: यांवर लावलेले केमिकल स्लॅबला नव्हे, रंगाला चिकटते. रंगाचा पापुद्रा निघाला की लादीही निघते.

प्लास्टर आणि पीओपी: छताचे प्लास्टर स्वतःचेच वजन जेमतेम पेलत असते. जुन्या इमारतींत ते आपोआप गळून पडते, मग त्यावर दगड कसा टिकणार?

गंजलेली सळई: गळतीमुळे सळई गंजली की फुगते आणि खालचे काँक्रीट सुटते. अशा स्लॅबला लावलेला आधारही त्याच्यासोबत खाली येतो.

दगडामागची जाळी: संगमरवराच्या बऱ्याच लाद्यांना मागून रेझिन आणि फायबरची जाळी लावलेली असते. अशा वेळी केमिकल दगडाला न चिकटता जाळीला चिकटते.

भुकटी आणि पोकळी: कापताना बसलेली दगडाची पूड धुतली नाही, किंवा पूर्ण थर न देता पाच ठिकाणी गोळे ठेवून लादी दाबली, तर चिकटलेला भाग फारच कमी राहतो.

याशिवाय गच्चीचा स्लॅब उन्हाने तापतो आणि रात्री निवतो, बाथरूममध्ये वाफ साचते, वरच्या मजल्यावर धक्के बसतात. स्लेटसारखा दगड तर स्वतःच थराथरांनी सुटू शकतो.

बोस्टन आणि जपानमध्ये काय घडले?

कायम लटकणाऱ्या वजनाचा धोका जगाने दोन बोगद्यांत पाहिला. १० जुलै २००६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात बोगद्याच्या छताचे काँक्रीटचे पॅनेल कोसळले. सुमारे २६ टन काँक्रीट आणि लोखंड खाली आले आणि मोटारीतील एका महिलेचा मृत्यू झाला. हे पॅनेल ज्या बोल्टांवर लटकत होते, ते इपॉक्सीने छिद्रांत चिकटवलेले होते. अपघाताच्या तपासात निष्कर्ष निघाला की लवकर सुकणारे ते इपॉक्सी सततच्या ओढीखाली हळूहळू ताणले गेले आणि बोल्ट सरकत बाहेर आले.

कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी पहिल्या दिवशी ताठ असते आणि काही महिन्यांत झोळते. दोरी तुटत नाही, पण लांबते. इपॉक्सीचेही तसेच झाले. बसवताना ओढून पाहिलेले बोल्ट वर्षानुवर्षांच्या वजनाखाली टिकले नाहीत. म्हणून मिस्त्रीने “मी लोंबकळून पाहिले, हलत नाही” असे सांगणे पुरेसे नसते.

पुढे २ डिसेंबर २०१२ रोजी जपानच्या सासागो बोगद्यात छताचे पॅनेल कोसळून ९ जणांचा मृत्यू झाला. तिथेही वरचे बोल्ट रेझिननेच काँक्रीटमध्ये बसवलेले होते. बोगदा १९७७ मध्ये सुरू झाला होता.

मग सुरक्षित पद्धत कोणती?

१. स्लॅबची तपासणी: जादा वजन पेलेल का, सळई गंजली आहे का, गळती आहे का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहावे. छिद्रे पाडण्यापूर्वी स्लॅबमधली सळई आणि विजेचे पाइप कुठे आहेत ते शोधावे. पोस्ट-टेन्शन स्लॅब असेल तर आतल्या ताणलेल्या केबलला ड्रिल लागणे अतिशय धोक्याचे असते.

२. योग्य अँकर: मधल्या भागात स्लॅबची खालची बाजू ताणाखाली असते, तिथे बारीक तडे असू शकतात. म्हणून तडे गेलेल्या काँक्रीटसाठी प्रमाणित असलेलेच धातूचे अँकर घ्यावेत. रासायनिक अँकर वापरायचे असतील तर ते डोक्यावरच्या कायमच्या वजनासाठी मंजूर असावेत आणि छिद्र ब्रशने व हवेने साफ केलेले असावे. प्लास्टिकचे गिट्टे इथे चालत नाहीत.

३. सांगाडा: अँकरवर धातूची चौकट टांगतात आणि लाद्या तिला अडकवतात. एक अँकर निकामी झाला तरी उरलेल्यांनी वजन पेलावे, असा हिशेब हवा.

४. दगड पकडणे: लादीच्या कडेला खाच पाडून स्टेनलेस स्टीलची क्लिप अडकवतात. जाड लादीला मागून आत रुंद होत जाणारे छिद्र पाडून त्यात खास अँकर बसवतात. आरशासारखे समोरून टोपीचे स्क्रूही चालतात, मात्र छिद्र कोपऱ्याच्या फार जवळ नको, नाहीतर दगड तिथेच तडकतो. कोकण, मुंबई, गोवा अशा खाऱ्या हवेत ‘३१६’ प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे.

केमिकलही वापरता येते, पण क्लिपच्या जोडीला. लादी हलू नये, वाजू नये, हे केमिकलचे काम. वजन पेलणे हे धातूचे काम. काम सुरू असताना लाद्यांना खालून टेकू द्यावेत आणि खाली कोणाला उभे राहू देऊ नये.

जिप्समच्या फॉल्स सीलिंगवर जड दगड चिकटवणे पूर्णपणे टाळावे. तो बोर्ड आणि त्याच्या पातळ पट्ट्या या वजनासाठी बनलेल्याच नसतात.

हलके पर्याय

फायबरवर चिकटवलेला एक-दोन मिलिमीटर जाडीचा खऱ्या दगडाचा पापुद्रा ‘स्टोन व्हिनिअर’ नावाने मिळतो. अॅल्युमिनियमच्या मधपोळ्यासारख्या जाळीवर पातळ दगड बसवलेले पॅनेलही येतात. खालून दिसायला दगडच, वजन मात्र बरेच कमी. तेही बसवायचे ते उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीनेच.

घरात आधीच दगडी छत असेल तर?

सांधे रुंद झालेत का, एखादी लादी शेजारच्या लादीपेक्षा खाली आली आहे का, ओलीचे डाग किंवा गंजाचे ओघळ आहेत का, हे अधूनमधून पाहावे. यांपैकी काहीही दिसले तर खालचा पलंग किंवा पाळणा आधी हलवावा, तिथला वावर बंद करावा आणि मग जाणकाराला बोलवावे. लादी हाताने दाबून किंवा ठोकून पाहू नये.

नवे काम ठरवताना मिस्त्रीला एकच प्रश्न विचारला तरी बरेच कळते: “उद्या केमिकल पूर्ण सुटले, तर ही लादी कशावर लटकेल?” उत्तरात बोल्ट, क्लिप किंवा स्क्रू दाखवता आला नाही, तर तो दगड छताऐवजी जमिनीवरच लावलेला बरा.